बँक आमचे पैसे दाबून बसलीय का?

“नफा एवढा मोठा जाहीर करतात आणि आमच्या हातावर बारा रुपये टेकवतात. बाकीचे दाबून बसतात की काय?” बँकांच्या वार्षिक सभा झाल्या, डिव्हिडंड म्हणजे नफ्यातला भागधारकाचा वाटा खात्यात पडला, की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणारे बहुतेक निवृत्त. वडोदऱ्यात त्याचं नवल नाही. खतं, पेट्रोकेमिकल, औषधं यांच्या कारखान्यांत आयुष्य काढलेल्या पिढीकडे जुन्या पब्लिक इश्यूंच्या काळापासूनचे शेअर आहेत. आणि गुजराती शेजारामुळे असेल, पण इथल्या मराठी घरांत ‘शेअर म्हणजे जुगार’ हे वाक्य फारसं कानावर येत नाही.

गेल्या वर्षी दांडिया बाजारातले एक काका-काकू असेच आले. काकांनी हिशेबाची वही आणली होती. डाव्या पानावर कंपनीचं नाव, उजव्या पानावर डिव्हिडंड, त्याखाली लाल शाईने कापला गेलेला टीडीएस. त्यांच्याकडे दोन बँकांचे शेअर होते. पहिली बँक पगारदारांना घरासाठी, गाडीसाठी कर्ज देणारी. दुसरी एके काळी मोठ्या उद्योगांच्या मागे धावलेली. नावं देत नाही, आणि आकडेही ओळखू येऊ नयेत इतपत बदलून गोल केले आहेत. वडोदरा म्हटलं की लोकांना लगेच १९०८ साली सयाजीराव महाराजांनी काढलेली बँक आठवते. ती या दोन्हींत नाही.

काकांचं म्हणणं सरळ होतं. पहिल्या बँकेने दहा वर्षांत शेअरमागे एकूण ३६६ रुपये कमावले आणि ५४ वाटले. दुसरीने १२५ कमावून २५ वाटले. म्हणजे पहिली शंभरातले पंधरा देते, दुसरी वीस. शिवाय बाजारभावाच्या मानाने दुसरीचा डिव्हिडंड जवळपास तिप्पट. पहिली विकून दुसरी घ्यायची, असं ठरवूनच ते आले होते. पुण्याच्या जावईबापूंनी एक्सेलमध्ये तसा हिशेबही मांडून दिला होता.

काकू तोवर गप्प होत्या. “अहो, पण न वाटलेले पैसे आहेत कुठे?” एवढंच त्या म्हणाल्या.

ते तिजोरीत नाहीत, हे आधी सांगावं लागलं. बँकेच्या ताळेबंदात शेड्यूल १ मध्ये भागभांडवल असतं आणि शेड्यूल २ मध्ये गंगाजळी. न वाटलेला नफा शेड्यूल २ मध्ये जमा दिसतो, पण ती नोंद झाली. रक्कम कधीच कुणाच्या तरी घराच्या नाहीतर ट्रकच्या कर्जात गेलेली असते. सगळा नफा वाटून टाकायची मुभाही बँकेला नाही. बँकिंग नियमन कायदा १९४९ च्या कलम १७ नुसार नफ्याचा किमान पाचवा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो, आणि रिझर्व्ह बँकेने तो पाव हिस्सा केला आहे. वर भांडवलाची अट आहे. जोखमीप्रमाणे वजन लावलेल्या (जास्त जोखमीचं कर्ज हिशेबात जास्त धरतात) दर १०० रुपये कर्जामागे, आणीबाणीसाठीचा थर धरून, साडेअकरा रुपये भांडवल लागतं, आणि त्यातलं बरंचसं भागधारकांचं असावं लागतं. कर्जं वर्षाला १५ टक्क्यांनी वाढवायची तर हा पैसाही त्याच वेगाने वाढला पाहिजे. भागधारकांचा पैसा वाढायच्या वाटा दोनच: नफा राखून ठेवणं, नाहीतर नवे शेअर विकणं. भागधारकांच्या पैशावर १५ टक्के कमावणारी बँक त्यातला पाचवा हिस्सा वाटत असेल तर ती स्वतःच्या बळावर १२ टक्क्यांनी वाढू शकते. ‘आम्ही २५ टक्क्यांनी वाढू’ असं अशी बँक सांगू लागली की ती नवे शेअर विकायला येणार, हे धरून चालावं.

कोविडच्या वर्षी तर रिझर्व्ह बँकेने २०१९-२० च्या नफ्यातून डिव्हिडंड वाटायलाच मनाई केली होती. काकांच्या वहीत त्या वर्षी दोन्ही बँकांपुढे आडवी रेघ होती. ती त्यांच्या मनात अजून सलत होती.

तेव्हा बँकेने किती वाटलं हे विचारून हाती फारसं काही लागत नाही. राखलेल्या रुपयाने पुढे किती कमावलं, ते विचारायचं. हिशेब कागदावर मावतो. दहा वर्षांची प्रति शेअर कमाई बेरजेला घ्या, वाटलेला डिव्हिडंड वजा करा. उरला तो राखलेला नफा. मग याच काळात वार्षिक कमाई किती रुपयांनी वाढली ते पाहा आणि त्या वाढीला राखलेल्या नफ्याने भागा. पहिल्या बँकेने शेअरमागे ३१२ रुपये ठेवून घेतले आणि तिची कमाई २० वरून ६२ वर गेली. वाढ ४२ रुपये, म्हणजे राखलेल्या पैशावर शेकडा साडेतेरा. हेच ३१२ रुपये काकांना वाटले असते तर? एप्रिल २०२० पासून डिव्हिडंडवर भागधारकाला आपल्या स्लॅबप्रमाणे कर भरावा लागतो. कर जाऊन उरलेले मुदत ठेवीत सहा-सात टक्क्यांनी पडले असते. बँक दाबून बसली नव्हती, काकांना घरी जमलं नसतं ते करत होती.

“मग दुसरीचं बघा की,” म्हणत काकांनी मोबाईल पुढे केला. एक्सेलमधला तो चौकोन हिरवा रंगवलेला होता. राखलेला नफा १००, कमाई ६ वरून ३४, वाढ २८. शेकडा २८! पहिलीच्या दुप्पट.

जावयाचा हिशेब सासऱ्यांसमोर खोडायचा म्हणजे नाजूक काम. सूत्र त्यांचं बरोबर होतं. एकूण नफा न घेता प्रति शेअर कमाई घेतली, हेही त्यांच्या जमेला धरलं पाहिजे, कारण पुष्कळ जण तिथेच घसरतात. गडबड होती ती सुरुवातीच्या वर्षात. त्यांचं पहिलं वर्ष होतं २०१५-१६. रघुराम राजन गव्हर्नर असताना, २०१५ मध्ये, रिझर्व्ह बँकेने बँकांच्या कर्जांची कसून तपासणी केली आणि वर्षानुवर्षं मुदत वाढवून झाकून ठेवलेली थकीत कर्जं उघडी पडली. त्यांच्यासाठी तरतूद करता करता, म्हणजे बुडण्याची शक्यता धरून नफ्यातून रक्कम बाजूला काढता काढता, नफा सुकला. दुसऱ्या बँकेची त्याआधीच्या तीन वर्षांची सरासरी कमाई २२ रुपये होती. २०१५-१६ ला ती ६ वर आली. टायफॉइडमधून उठलेल्या माणसाचं वजन धरून दिवाळीनंतर ‘केवढी तब्येत सुधारली’ म्हणावं, तसा तो २८ चा आकडा होता.

यात आणखी एक खोच आहे आणि ती पटकन लक्षात येत नाही. दुसऱ्या बँकेला २०१७-१८ मध्ये शेअरमागे १२ रुपये तोटा झाला. बेरजेत तो उणे गेला आणि राखलेला नफा १०० वर आला. एरवी तो ११२ असता. म्हणजे तोट्यामुळे भाजक लहान झाला आणि परतावा उलट मोठा दिसला. साबण किंवा रंग विकणाऱ्या कंपनीत हे सहसा होत नाही. बँकेत सर्रास होतं, कारण बँकेचा नफा तरतुदीवर लोंबकळत असतो. हप्ता ९० दिवसांपलीकडे थकला की कर्ज अनुत्पादक. त्यावर सुरुवातीला तारण असेल तर १५ टक्के, नसेल तर २५ टक्के तरतूद, आणि पुढे ती वाढतच जाते. व्याज मात्र पहिल्या महिन्यापासून नफ्यात येत असतं. त्यामुळे झपाट्याने कर्ज वाटणाऱ्या बँकेचा परतावा पहिली दोन-तीन वर्षं झकासच दिसतो. मला स्वतःला वर्षाला तीस टक्क्यांच्या वर कर्जवाढ दाखवणारी बँक दिसली की आनंदापेक्षा धाकधूक जास्त वाटते.

म्हणून बँकेसाठी मी दोन्ही टोकांना एकेक वर्ष न घेता तीन-तीन वर्षांची सरासरी घेते. काकांच्या समोरच मांडलं. दुसरी बँक: आधीची सरासरी २२, अलीकडच्या तीन वर्षांची ३०. वाढ ८ रुपये. त्याप्रमाणे काळ एक वर्ष मागे सरकवला की राखलेला नफा साधारण ९० येतो. शेकडा ९. पहिली बँक: सरासरी १५ वरून ५५, वाढ ४०, राखलेले २७६. शेकडा साडेचौदा. म्हणजे २८ चे ९ झाले आणि साडेतेराचे साडेचौदा. नुसती वर्षं बदलल्यावर ज्या बँकेचा आकडा एवढा कोसळतो, तिच्यात पैसे घालताना हात आखडता घ्यावा.

“पण हिचा नफा तर करोडोंनी वाढलाय, पेपरात आलं होतं,” काका म्हणाले. वाढला होताच. पण मधल्या वाईट काळात भांडवल तोकडं पडलं आणि बँकेने पुस्तकी मूल्यापेक्षा, म्हणजे एका शेअरच्या वाट्याला येणाऱ्या भांडवल आणि गंगाजळीपेक्षा, कमी भावात नवे शेअर विकले. त्यामुळे जुन्या भागधारकाचा वाटा पातळ झाला. बँक मोठी झाली, काकांचा तुकडा त्या मानाने लहान राहिला. पुस्तकी मूल्याच्या वरच्या भावात शेअर विकले तर उलट होतं, जुन्यांच्या शेअरमागचं मूल्य वाढतं. पहिल्या बँकेने तसं एकदा केलं होतं. त्या वर्षी फुगलेलं पुस्तकी मूल्य राखलेल्या नफ्याचं यश म्हणून मोजू नये, हेही मग त्यांना सांगितलं.

एवढं झाल्यावर काकू हळूच म्हणाल्या, “यांना शेअरचं काही नाही हो. दर तिमाहीला दोन पैसे हातात आले की यांना बरं वाटतं.” माझ्या मते निम्म्या वेळा डिव्हिडंडच्या तक्रारीचं मूळ हेच असतं. पेन्शन तुटपुंजी, आणि मुलीकडे मागायचं नाही. त्यासाठी बँकेचे शेअर बदलण्यात अर्थ नव्हता. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला मिळतं. काकांचे तिथे फक्त सहा लाख होते, आणि बचत खात्यात मात्र त्याहून जास्त पडून होते. ते हलवायचं ठरलं. दुसऱ्या बँकेचे शेअर निम्मे विकायचे आणि उरलेले ठेवायचे, हा निर्णय काकांचा. जावईबापूंना राग येऊ नये म्हणून असावा, असा मला संशय आहे.

निघताना त्यांनी विचारलं, पहिलीचे साडेचौदा पुढेही टिकतील ना? अलीकडच्या तीनच वर्षांचा हिशेब केला तर तिचा आकडा १६ च्या घरात जातो. पण ही वर्षं सगळ्याच बँकांना सोपी गेली. मार्च २०१८ मध्ये देशातल्या बँकांची ढोबळ थकीत कर्जं शेकडा ११ च्या वर होती, मार्च २०२५ मध्ये ती अडीचच्या आत आली. तरतुदी इतक्या कमी नेहमी राहत नाहीत. शिवाय नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बिनतारणी ग्राहक कर्जांचं जोखीम-वजन १०० वरून १२५ टक्के केलं, म्हणजे तशा कर्जाला भांडवल जास्त लागणार. काकांना म्हटलं, मनात बारा धरा. त्यांनी वहीत पहिल्या बँकेच्या नावापुढे बारा लिहिलं आणि पुढच्या निकालांना पडताळायला येतो म्हणाले.