समुद्राकाठची गाडी आणि दादाचा हिशेब

आपण रत्नागिरीत राहता, गाडी १३ वर्षांची आहे, क्लच, सस्पेन्शन आणि एसी मिळून गॅरेजने ७० हजार रुपये सांगितले आहेत आणि ‘बाजारात गाडीची किंमतच सव्वा लाख असताना एवढा खर्च करावा का’, असा आपला प्रश्न आहे. यातले शेवटचे वाक्य मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून अनेक वर्षे ऐकले आहे, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

हर्णैजवळ आमची घरगुती खानावळ आहे. २००४ साली वडिलांनी एक पेट्रोल व्हॅन घेतली. संध्याकाळी बंदरावरच्या लिलावातून मासळी आणणे, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या पोचवणे आणि खेड स्थानकावरून पाहुणे आणणे अशी तिन्ही कामे तिने केली. २०१६ साली तिच्या सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला आणि चढावर ती दम टाकू लागली. मी ३८ हजार रुपये खर्चून इंजिन उघडून नीट करून घेतले. दादा ठाण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, “पंचेचाळीस हजारांच्या गाडीवर अडतीस हजार घालणारा माणूस मी आजच पाहिला.”

हा हिशेब मला तेव्हाही मान्य नव्हता आणि आजही नाही. गाडीची बाजारातली किंमत विकणाऱ्याने पाहावी. मला ती विकायची नव्हती. त्या ३८ हजारांत दुसरी कोणती भरवशाची गाडी मिळाली असती, एवढाच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर दादाकडे नव्हते. नव्या गाडीचा चार-पाच महिन्यांचा हप्ता म्हणजेच ३८ हजार, आणि तो पावसाळ्यात खानावळ बंद असतानाही भरावा लागतो.

पुढच्या वर्षी गणपतीला दादा आला. त्याला घेऊन खेडहून दापोलीकडे येताना भर पावसात मागचे चाक पंक्चर झाले. मी जॅक लावला आणि फिरवू लागलो. जॅक वर आला, गाडी आली नाही. दरवाज्याखालची पोकळ पट्टी पापडासारखी चुरत आत गेली आणि रस्त्यावर तांबडा भुगा सांडला. दादा छत्री धरून उभा होता. तो एक शब्दही बोलला नाही. त्या रात्री आरती झाल्यावर मात्र सगळ्या भावकीसमोर बोलला.

चूक इंजिनाची नव्हती. तेरा वर्षे मासळीच्या पेट्यांतून बर्फाचे खारट पाणी चटईखाली झिरपत होते आणि ती चटई आम्ही कधी उचलली नव्हती. मीठ हवेतला दमटपणा ओढून घेते, त्यामुळे पत्रा ऊन पडले तरी पूर्ण वाळत नाही. त्यात आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि पाणी निचरण्याच्या भोकांत बसलेली तांबडी माती. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंगाखाली फुगवटा दिसतो. तो दिसेपर्यंत आतून बरेच काही संपलेले असते. ठाण्यातल्या माणसाला हे ठाऊक नसणे मी समजू शकतो. मला ठाऊक नसावे, हे मात्र मी स्वतःला अजून माफ केलेले नाही.

मी सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घेतला. त्याला २२ हजार लागले. २०१९ साली ६०० रुपये भरून नोंदणीचे नूतनीकरणही झाले. १ एप्रिल २०२२ पासून त्यालाच ५,००० रुपये लागतात. निसर्ग वादळानंतर वीज नसताना आमचे मोबाइल याच व्हॅनच्या बॅटरीवर चार्ज होत होते. २०२१ साली मागच्या स्प्रिंगची बैठकच सडली, तेव्हा मी दुसऱ्या दिवशी तिला भंगारात दिली, कारण तिथला पत्रा तुटला तर चाक जाग्यावर राहत नाही. म्हणजे गाडी टाकावी लागतेच, हे दादाचे म्हणणे शेवटी खरे ठरले. पण त्याने दिलेल्या कारणामुळे ती गेली नाही, आणि मधली पाच वर्षे आमची खानावळ तिच्यावरच चालली.

तेव्हा आपण ७० हजारांचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि गाडी लिफ्टवर चढवायला लावा. जॅक लावण्याच्या जागा, दरवाज्याखालच्या पट्ट्या आणि सस्पेन्शन जिथे बसते ती बैठक, इथे स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहा. टोक आत गेले, तर एक रुपयाही घालू नका. पत्रा खणखणीत असेल, तर क्लच आणि सस्पेन्शन निःशंकपणे करून घ्या. एसीचे आपण ठरवा. मी कधी केला नाही. पंधरा वर्षांनी गाडी मोडीत काढावीच लागते, हा समज दिल्ली परिसरातल्या निर्बंधांमुळे पसरला आहे. आपल्याकडे तपासणीत गाडी योग्य ठरली, तर पाच वर्षांची मुदत वाढवून मिळते.

जुनीच दुसरी घ्यायची झाली, तर ती घाटावरची घ्या. मी कोल्हापूरहून आणली. २०२१ च्या जुलैत चिपळूण पुरात बुडाले होते, त्यामुळे त्या सुमारास विक्रीला आलेली कोणतीही गाडी पाहताना मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाचा डाग आहे का, ते पाहत असे.

एक गोष्ट आधी लिहायला हवी होती. आमच्या व्हॅनमध्ये एअरबॅगही नव्हती आणि जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारे एबीएसही नव्हते. ती बहुतेक दापोली तालुक्यातच फिरली, म्हणून मला ते चालले. आपण मुलांना घेऊन रात्री-अपरात्री महामार्गाने मुंबईला जात असाल आणि आपल्या गाडीतही हे दोन्ही नसेल, तर वरचा माझा सगळा हिशेब आपल्याला लागू नाही. नवी गाडी घ्या. दादाही हेच म्हणाला असता, पण त्याने तेव्हा किमतीशिवाय दुसरे काही काढलेच नाही.