इंग्लंडमध्ये आई-बाबांना पबमध्ये जेवायला नेलं तर त्यांना अवघडल्यासारखं होईल का?

न्या, बिनधास्त न्या. तुम्ही लिहिलंय की दोघंही शाकाहारी आहेत, दारूला शिवत नाहीत आणि ‘पब’ म्हटलं की बाबांच्या कपाळाला आठ्या पडतात. बाबांच्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईतला अंधारा, दणदणीत गाण्यांचा पब असणार. त्याचा आणि इथल्या गावातल्या पबचा काडीचा संबंध नाही. इथे रविवारी दुपारी आजी-आजोबा, कडेवरची पोरं आणि टेबलाखाली झोपलेलं कुत्रं असा सगळा गोतावळा जेवायला आलेला असतो. हे मी ऐकीव सांगत नाही. लग्न होऊन मिडलंड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागात, आले तेव्हा एका गावातल्या पबमध्ये शनिवार-रविवार टेबलांवर ताटं पोचवायचं काम केलंय मी.

माणूस तिथे अवघडतो तो दारूमुळे नाही. अवघडतो, कारण टेबलाशी विचारायला कोणी येत नाही. या एका गोष्टीवरून आमच्या घरात इतकी वर्षं वाद चाललाय की तुमचा प्रश्न दिसल्यावर मला राहवलं नाही.

माझे थोरले दीर आणि जाऊबाई पुण्याहून आले होते. त्यांना डर्बीशरमध्ये बेकवेल हे छोटं गाव बघायला नेलं. भाऊजींचे गुडघे दुखत होते, म्हणून ते दोघं पुढे जाऊन पबमध्ये बसले आणि आम्ही लेकीला नदीवरची बदकं दाखवत मागे रेंगाळलो. आम्ही पोचलो तर भाऊजी हाताची घडी घालून, चेहरा लाल. म्हणाले, “आपल्यामागून आलेल्यांची जेवणं झाली. आम्ही अर्धा तास बसलोय, कोणी ढुंकून बघत नाही. आपण इंडियन आहोत ना! चला, उठा इथून.” मी विचारलं, “भाऊजी, ऑर्डर दिलीत का?” तर म्हणाले, “कोणाला देणार? कोणी आलं तर ना!”

मी बारवर गेले. तिथल्या बाईने आधीच विचारलं, “ते दोघं तुमच्यासोबत आहेत का? मला वाटलं, बाकीचे यायची वाट बघताहेत.” मी जेवण सांगितलं, पैसे दिले, तिने आकडा रंगवलेला लाकडी चमचा हातात ठेवला. तो टेबलावरच्या डब्यात खोचला आणि थोड्या वेळात एक मुलगा बरोबर आमच्या टेबलावर ताटं घेऊन आला. जाऊबाईंनी स्टिकी टॉफी पुडिंग खाऊन वरच्या कस्टर्डची वाटीसुद्धा चाटूनपुसून संपवली. भाऊजी जेवले, पण हूं की चूं नाही. आणि आजही कुणाच्या मुंजीत, साखरपुड्यात विषय निघाला की ते सांगतात, “इंग्लंडात आम्हाला रंगावरून ताटकळत ठेवलं.” ते मला पटलेलं नाही आणि पटणार नाही. त्या दिवशी कोणी त्यांचा अपमान केला नव्हता. त्या बाईने ऑर्डरसाठी टेबलापाशी यायचं, ही तिथली पद्धतच नव्हती.

पद्धत अशी आहे. आत जायचं, रिकामं टेबल धरायचं, त्याचा नंबर बघून ठेवायचा. मग एकाने बारवर जाऊन सगळ्यांचं सांगायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. काटे-चमचे, केचप, व्हिनेगर, ब्राऊन सॉस बऱ्याच ठिकाणी कोपऱ्यातल्या टेबलावर असतात, आपले आपण आणायचे. बारवर रांग दिसत नाही, पण असते. प्रत्येकाला आपल्याआधी कोण आलं ते ठाऊक असतं. बारमागच्या मुलीने चुकून तुम्हाला आधी विचारलं तर “यांचा नंबर आहे” म्हणून शेजारच्याकडे बोट दाखवायचं. तेवढ्यानेसुद्धा तुमच्याबद्दल चांगलं मत होतं. नोटा हलवायच्या नाहीत, हाका मारायच्या नाहीत. आणि बारमागच्या मुलींवर टिप्पण्या तर अजिबात नकोत. त्या मुली कॉलेज करून हे काम करतात.

असं का, याला कारण आहे. पब मुळात प्यायची जागा, जेवण नंतर आलं. फार पूर्वी खाणावळीही होत्या, पण गेल्या शतकात बहुतेक पबांत खाणं म्हणजे वेफर्सचं पाकीट, व्हिनेगरमधलं अंडं, फार तर सँडविच. ब्रेड, चेडर चीज आणि लोणच्याचा कांदा यांचं ‘प्लाउमन्स लंच’ पारंपरिक वाटतं, पण त्याला लोकप्रिय केलं ते 1950-60 च्या दशकांत चीज आणि दूध विकणाऱ्या मंडळांच्या जाहिरातींनी. पुढे 1991 मध्ये लंडनच्या फॅरिंग्डन रोडवर ‘द ईगल’ नावाच्या पबने नीट स्वयंपाक सुरू केला, गॅस्ट्रोपब म्हणतात तो प्रकार तिथून. जुलै 2007 मध्ये आत सिगारेट ओढायला बंदी आली, तेव्हा अनेक मालकांनी उरलेला भरवसा जेवणावर टाकला. बार तोच, माणसं तेवढीच, त्यात स्वयंपाकघराची भर पडली. आम्ही दोघी रविवारी आख्खा हॉल सांभाळायचो. दर टेबलाशी उभं राहून ऑर्डर घ्यायला माणूस आणायचं कुठून? पुण्यात हॉटेलात चार पोऱ्ये नुसते पाण्याचे ग्लास घेऊन उभे असतात, कारण त्यांना पगार मिळतो तो किती? भाऊजींना मी हे तोंडावर सांगितलंय. आपण उठून चार पावलं चालत जाऊन मागितलं, त्यात कमीपणा कसला?

आता शाकाहाराचं. आईंना रविवारचा रोस्ट, म्हणजे भाजलेलं मांस आणि भाज्यांचं ताट, दाखवा, पण त्यांच्यासाठी नट रोस्ट मागवा. सुकामेवा, भाज्या आणि ब्रेडचा चुरा यांची ती वडी असते, सोबत भाजलेले बटाटे, गाजर, कोबी. इथे तीन प्रश्न विचारल्याशिवाय ऑर्डर द्यायची नाही. एक, ग्रेव्ही भाज्यांची आहे का. न विचारता मांसाचीच ओततात. दोन, बटाटे कशात भाजलेत. तीन, चिप्स, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या जाड फोडी, कशात तळता. उत्तरेकडे, विशेषतः यॉर्कशरमध्ये, गाईच्या चरबीत तळायची जुनी रीत अजून आहे, आणि तेल असलं तरी त्याच कढईत मासे तळलेले असतात. ताटात पुरीसारखं फुगलेलं जे यॉर्कशर पुडिंग येतं, त्यात अंडं असतंच. कांद्याच्या भज्यांसारखे ऑनियन रिंग्ज येतात, त्यांच्या पिठात बऱ्याचदा बिअर असते. बाबांना चालणार नसेल तर तेही विचारा.

पदार्थांत काय काय आहे ते लिहिलेल्या ॲलर्जीच्या फाइलवर विसंबू नका. 2014 पासून कायद्याने ॲलर्जी होऊ शकणाऱ्या 14 पदार्थांची माहिती द्यावी लागते, त्यात अंडं, दूध, मासे आहेत. गाईची चरबी त्यात नाही. म्हणजे फाइल बघून तुम्हाला कळणारच नाही. तोंडाने विचारावं लागतं. मला कोणी विचारलं की मी आत जाऊन आचाऱ्याला विचारून यायचे, त्याचं कोणाला काही वाटत नसे. राग यायचा तो ताट समोर आल्यावर “आम्ही व्हेज आहोत” म्हणणाऱ्यांचा. काहीच जमलं नाही तर चीज आणि बीन्स घातलेला जॅकेट पोटॅटो, म्हणजे सालासकट भाजलेला मोठा बटाटा, असतो, साधा आणि पोटभर. प्यायला लाइम अँड सोडा सांगा. शँडी सांगू नका, त्यात बिअर असते.

वेळ मात्र सांभाळा. बऱ्याच गावांत स्वयंपाकघर दुपारी अडीचच्या सुमाराला बंद होतं ते संध्याकाळी सहाला उघडतं, आणि रात्री नऊनंतर जेवण मिळत नाही, बार चालू असला तरी. रविवारी आधी टेबल राखून ठेवा, रोस्ट संपतो.

हे सगळं सगळीकडे लागू नाही, हेही सांगते. महागड्या गॅस्ट्रोपबांत दारातच ‘थांबा, आम्ही बसवतो’ अशी पाटी असते, तिथे ऑर्डर टेबलावरच घेतात आणि बिलात सर्व्हिस चार्ज लावतात. काही ठिकाणी टेबलावरचा कोड स्कॅन करून फोनवरून मागवता येतं.

आणखी एक. भाऊजींनी जे बोलून दाखवलं, तसं या देशात खरोखर घडलेलं आहे. बर्मिंगहॅमला लागून स्मेथविक आहे, तिथे पूर्वी पबमध्ये आपल्या लोकांना काही खोल्यांत घेत नसत. फेब्रुवारी 1965 मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते माल्कम एक्स तिथे मुद्दाम गेले, तर त्यांनाही एका पबच्या खोलीत ग्लास द्यायला नकार मिळाला. त्याच वर्षी वंशभेदाविरुद्ध कायदा झाला. भारतीय कामगार संघटनेची माणसं त्यासाठी रस्त्यावर झगडली होती. म्हणून तर मला भाऊजींचा राग येतो. ज्यांनी ते सोसलं त्यांच्या रांगेत आपण एका न दिलेल्या ऑर्डरवरून जाऊन बसायचं नसतं. आजही कोणी उद्धट वागला तर गप्प बसू नका, मालकाला बोलवा. पण आधी बारवर जाऊन या.

आईंना अगदीच रुचलं नाही तर स्मेथविक किंवा वेस्ट ब्रॉमिचला देसी पबमध्ये न्या. पंजाबी मालक, तडतडणारी मिक्स ग्रिल (भाजलेल्या मांसाची थाळी), पनीर टिक्का आणि शेजारी डार्ट्स खेळणारे गोरे आजोबा, असं एका छपराखाली मिळतं. जिथे एकेकाळी आत येऊ देत नव्हते, त्याच भागात आज आपली माणसं बारच्या आतल्या बाजूला उभी असतात.

आणि बाबांना टेबलाशी बसवून ठेवू नका. सोबत बारवर न्या, पैसे तुम्ही द्या, पण ऑर्डर त्यांना सांगू द्या. भाऊजी पुन्हा आले की मी त्यांनाही हेच करायला लावणार आहे.