गुलामगिरी आणि साम्राज्य : अमेरिका जास्त दोषी की ब्रिटन?

ब्रिटनने गुलामगिरी अमेरिकेच्या तीसेक वर्षं आधी बंद केली, हे खरं. पण १८३३च्या कायद्याने भरपाई दिली ती मालकांना, तब्बल २ कोटी पौंड! त्यासाठी सरकारने काढलेलं कर्ज पूर्ण फिटलं २०१५ साली. गुलामांच्या हाती छदामही नाही. उलट 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी काही वर्षं फुकट राबणं. कंपनी सरकारचा हिंदुस्थान तर त्या कायद्यातून वगळलाच होता, इथला कायदा १८४३चा.

अमेरिकेत सुमारे ४० लाख गुलाम होते. त्यांच्या सुटकेसाठी यादवी युद्ध होऊन १८६५ उजाडावं लागलं. त्यांनी पिकवलेला कापूस जायचा कुठे, तर मुख्यतः इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांत! त्यामुळे गुलामगिरीत मी दोघांना एकाच माळेचे मणी म्हणेन. वसाहत अमेरिकेचीही होती (१८९८पासून फिलिपिन्स), पण साम्राज्याच्या पसाऱ्यात ब्रिटनच्या जवळपासही कोणी नाही.