सर म्हणाले, हे तुला कुणी सांगितलं?

प्रश्न : ताई, मी बार्शीची, पुण्यात एमए इतिहास करतीये, दुसरं वर्ष. यंदा आम्हाला सेमिनार कोर्स आहे, म्हणजे लेक्चर नाहीच, आम्ही अकरा जण टेबलाभोवती बसतो, दर आठवड्याला एकानं पेपर वाचायचा आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. मी पानशेतच्या पुरावर घेतला, तीन रात्री जागून २८ स्लाइड केल्या. नवव्या स्लाइडला, म्हणजे नारायण पेठेत कुठे किती फूट पाणी होतं ते सांगत होते तेव्हा, सरांनी थांबवून विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं वाचलंय. "कुठे?" मला आठवेना, खरं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं होतं. वर्गात सगळे गप्प. तेव्हापासून त्या तासाला जायची इच्छाच होत नाही. विषय बदलू का?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : अगं विषय अजिबात बदलू नकोस. सरांनी जरा हळू विचारलं असतं तर काही बिघडलं नसतं, ते मान्य, पण प्रश्न चुकीचा नव्हता, सेमिनारमध्ये विचारायचा प्रश्न हाच. १९व्या शतकात बर्लिनमध्ये रांके नावाचे प्राध्यापक मोजक्या मुलांना घेऊन बसायचे आणि जुने कागद पुढ्यात टाकून कोणता विश्वासाचा, कोणता नाही हे तपासायला लावायचे. आपल्याकडे इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुन्या कागदांची दप्तरं गोळा करत होते, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं तेही कागदाशिवाय बोलायचं नाही या हट्टातूनच. तिथे जाऊन एकदा बसून ये.

आता पानशेत. माझ्या सासूबाई कायम सांगायच्या की पूर गुरुवारी आला, कारण त्यांचा दत्ताचा उपास होता आणि साबुदाणा भिजत घातला होता. पण १२ जुलै १९६१ ला बुधवार होता, कॅलेंडर काढून बघ. म्हणजे त्या खोटं बोलत होत्या का, तर नाही, कदाचित साबुदाणा दुसऱ्या दिवसासाठी असेल, कदाचित पूर आणि उपास इतक्या वर्षांत डोक्यात एकत्र झाले असतील. मला विचारशील तर तुझा पेपर इथे आहे. सकाळी पानशेत फुटलं, ते पाणी खडकवासल्यात आलं, ते जुनं धरणही तुटलं आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या, हे सगळ्यांना माहितीये आणि कुणीही सांगेल. पण गोखलेनगरसारख्या पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या वसाहतींत आजही ऐंशी-पंच्याऐंशीच्या आज्या भेटतील, त्यातल्या दोघींना वेगवेगळं विचार की पाणी आलं तेव्हा चूल पेटली होती का, दूध आलं होतं का, पहिल्यांदा कुणी ओरडलं. घड्याळाची वेळ विचारलीस तर पाठ झालेलं उत्तर मिळतं, दूध विचारलं की खरं आठवायला लागतात. मग त्या दिवसांतले केसरी आणि सकाळ लायब्ररीत बसून बघ आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेव. जुळलं नाही तर घाबरू नकोस, का जुळलं नाही तेवढंच लिहायचं. फूट-बिट आकडा ज्याच्याकडून आला त्याचं नाव नसेल तर सरळ काढून टाक.

आणि २८ स्लाइड कशाला गं, वीस मिनिटांत कोण बघतं एवढ्या! सहा ठेव. त्यातली एक फक्त वर्तमानपत्राच्या कात्रणाची असू दे आणि ते मोठ्यानं वाच.

वर्ग गप्प होता ते तुला हसत होते म्हणून, असं का वाटलं तुला? मला तर वाटतं बाकीचे दहा जण मनातल्या मनात आपापल्या स्लाइड आठवत असणार, त्यांच्यापैकी किती जणांनी कुठून घेतलं ते लिहून ठेवलंय देव जाणे. पुढच्या आठवड्यात ज्याचा पेपर आहे त्याचा मजकूर आधी मागून घे, चहा पाज हवं तर, आणि तो वाचून झाला की पहिला प्रश्न तूच विचार. प्रश्न कोणता ते आता तुला माहितीये, फक्त सरांपेक्षा जरा गोड आवाजात.