दुर्बल बल की क्षीण बल?

प्रश्न असा आहे: १९७९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल शेल्डन ग्लॅशो, अब्दुस सलाम आणि स्टीव्हन वाइनबर्ग यांना ‘विद्युतचुंबकीय व दुर्बल बलांच्या एकत्रीकरणा’साठी मिळालं, असं वाचनात आलं. पण ‘दुर्बल बल’ हे ‘निर्धन धन’ म्हणण्यासारखं नाही का?

शंका अगदी रास्त आहे. ‘दुर्बल’ हा बहुव्रीही: ज्याचं बल कमी, तो. त्याला कोणीतरी धनी लागतो. दुर्बल माणूस, दुर्बल घटक हे कानाला खटकत नाही, कारण तिथे बल बाळगणारा वेगळा आहे. बलाचंच बल कमी म्हटलं की वाक्य स्वतःभोवती फिरतं. ‘दुर्बल परस्परक्रिया’ म्हटलं तर हा पेच उरत नाही. नोबेलच्या मानपत्रातही बल नाही, मूलकणांमधली परस्परक्रियाच आहे. ते नेमकंही आहे, कारण इथे नुसतं ढकलणं-ओढणं नसतं. अणुकेंद्राबाहेरचा सुटा न्यूट्रॉन सरासरी पंधराएक मिनिटांत मोडून त्याचा प्रोटॉन होतो, ती याचीच करणी.

तरीही ‘बल’च वापरायचं असेल, तर मी ‘क्षीण’ निवडेन. दुर्बल मुळातच दुबळा असू शकतो. क्षीण म्हणजे जे होतं ते झिजून उणावलेलं: वद्य पक्षातला चंद्र, तापातून उठलेल्याचा आवाज. आणि या तिघांचा सिद्धांत जवळजवळ हेच सांगतो! या बलाचा मूळ जोर विद्युतचुंबकीय बलापेक्षा कमी नाही, उलट जास्तच आहे. पण ते वाहून नेणारे डब्ल्यू आणि झेड हे कण फार जड, प्रोटॉनच्या अनुक्रमे सुमारे ८६ आणि ९७ पट. त्यामुळे त्याची पोच प्रोटॉनच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या भागापुरती राहते आणि रोजच्या ऊर्जेला ते मिणमिणतं दिसतं. विद्युतचुंबकीय बल वाहून नेणाऱ्या फोटॉनला, म्हणजे प्रकाशकणाला, वस्तुमान नाही, म्हणून प्रकाश ताऱ्यांपासून आपल्यापर्यंत येतो. १९८३ मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत डब्ल्यू आणि झेड प्रत्यक्ष सापडले, तेही भाकीत केलेल्या वजनाच्या आसपास. मला हा शब्द आवडतो तो याचसाठी: त्यात झिजण्याचं कारण विचारायला जागा आहे.

आता ‘एकत्रीकरण’. एकत्र म्हणजे एका ठिकाणी. एकत्र कुटुंबातले चार भाऊ एका छपराखाली राहतात, पण चौघे चारच. इथे ‘एकीकरण’ हवं. त्यातल्या ‘ई’ला संस्कृत व्याकरणात च्वि प्रत्यय म्हणतात, जे तसं नव्हतं ते तसं होणं, हा त्याचा अर्थ. (शुद्धीकरण, सुलभीकरण यांतही तोच.) मग कोणी म्हणेल, निसर्गात ती बलं आधीपासूनच एका मुळाची होती, एक नव्हतं ते काय? तर आपली मांडणी. ग्लॅशोंनी १९६१ मध्ये, वाइनबर्ग यांनी १९६७ मध्ये आणि सलाम यांनी १९६८ मध्ये एक केली ती दोन वेगवेगळी गणितं. म्हणून ‘बलांच्या सिद्धांताचं एकीकरण’ असं लिहिलंत तर व्याकरण आणि भौतिकी दोन्हींचा मान राहील.