बाळाच्या कपड्यांवर ‘ऑरगॅनिक’, ‘ओको-टेक्स’ असं लिहिलेलं असतं. त्यातलं खरं काय मानायचं? आणि कापूस पिकवणाऱ्याला त्यातून काही मिळतं का?

आधी बाळापुरतं सांगते. कापडातल्या रसायनाचा त्रास होऊ नये एवढीच काळजी असेल, तर ‘ओको-टेक्स स्टँडर्ड १००’ पाहा. त्यात कापडच नाही, तर शिलाईचा दोरा, बटण, छपाई हे सगळं तपासलं जातं. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘वर्ग १’ असतो, तो सगळ्यात कडक. कापडाला सुरकुत्या पडू नयेत म्हणून फॉर्मल्डिहाइड वापरतात. मोठ्यांच्या अंगाला लागणाऱ्या कपड्यात ते किलोमागे ७५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, वर्ग १ मध्ये मात्र तपासणीत सापडताच कामा नये. पण कापूस कुठे, कसा पिकला हे या लेबलाला विचारायचंच नसतं. पॉलिस्टरच्या झबल्यालाही ते मिळू शकतं.

सेंद्रिय हवं असेल तर ‘जीओटीएस’चा (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड, म्हणजे सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक) शिक्का शोधा. त्यावर ‘ऑरगॅनिक’ असेल तर किमान ९५ टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय असावा लागतो, ‘मेड विथ ऑरगॅनिक’ असेल तर किमान ७० टक्के. रंग कोणता वापरला, गिरणीचं सांडपाणी कुठे गेलं, कामगारांत लहान मुलं नाहीत ना, हेही त्यात पाहतात. नुसतं हिरवं पान छापून ‘१०० टक्के नॅचरल’ लिहिलं असेल, तर त्याला काही अर्थ नाही. ‘बेटर कॉटन’ हे कापसाचं आणखी एक लेबल, तेही सेंद्रिय नव्हे, त्यात बीटी, म्हणजे जनुक बदललेलं बियाणं चालतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण माझं रोजचं काम तेच आहे. मी यवतमाळ जिल्ह्यात सेंद्रिय कापसाच्या एका शेतकरी गटाच्या नोंदी ठेवते. कोणत्या वावरात कोणतं बियाणं पेरलं, काय फवारलं, किती क्विंटल निघाला, सगळं वहीत जातं. सेंद्रियला बीटी चालत नाही, आणि इकडच्या कृषी केंद्रांत बहुतेक बीटीचीच पाकिटं. शेजारच्या वावरातली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, बीटीची असेल तर मध्ये पट्टा सोडावा लागतो. शिवाय ‘सेंद्रिय’ म्हणवून घेण्याआधी साधारण दोन वर्षं नियम पाळून काढावी लागतात. त्या काळात उतारा घटला तरी भाव नेहमीचाच. हा भार कास्तकार एकटा उचलतो. २०१७ मध्ये आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किमान २० शेतकरी-शेतमजूर दगावले. ते आठवलं की या वह्या मला निव्वळ कागद वाटत नाहीत.

पण एक गोष्ट खरेदी करणाऱ्यांना कोणी सांगत नाही. जीओटीएसची नजर जिनिंगपासून, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढण्यापासून, पुढे सुरू होते. वावरात सेंद्रिय शेतीचं प्रमाणपत्र असतं, आणि ते मुख्यतः बियाणं, खत, फवारणी पाहतं. उन्हात वाकून वेचणी करणाऱ्या बाईला किलोमागे काय मिळालं, ते या शिक्क्यावरून कळत नाही. शेतकऱ्याला भाव किती द्यावा, हेही त्यात ठरलेलं नसतं. किमान भाव आणि वर गटासाठी ठरावीक जादा रक्कम हे ‘फेअरट्रेड’ या वेगळ्या शिक्क्यात असतं. म्हणून दोन्ही शिक्के असलेला कपडा परवडत असेल तर मी तोच घ्यायला सांगेन.

लबाडीही होते. २०२० मध्ये जीओटीएसनेच भारतातल्या सेंद्रिय कापसाच्या व्यवहारात बनावट प्रमाणपत्रं पकडली, २०,००० टन मालाचा मामला होता. प्रामाणिक गटांनाही त्याची झळ बसते, याची चीड येते. तेव्हा शिक्का दिसला म्हणून थांबू नका. जीओटीएसच्या लेबलवर तपासणाऱ्या संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक असतो, ओको-टेक्सवरही क्रमांक असतो. दोघांच्या संकेतस्थळावर तो टाकून पाहता येतो. क्रमांकच नसेल तर कपडा परत ठेवा. दुकानदाराला किंवा कंपनीला एवढंच विचारा, ‘कापूस कोणत्या शेतकरी गटाचा?’ ज्यांनी खरंच गटाकडून घेतलाय, त्यांना ते सांगता येतं.

खादीचं विचाराल तर, ‘खादी मार्क’ म्हणजे हातकताई आणि हातमागाचं कापड. कापूस सेंद्रिय आहे की नाही, रंग कोणता, हे त्यावरून कळत नाही, ते वेगळं विचारावं लागतं. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात वनस्पतींच्या रंगांत रंगवलेली खादी मिळते, इकडे येणं झालं तर बघा. आणि शिक्का कोणताही असो, नवा कपडा बाळाला घालण्याआधी एकदा साध्या पाण्यात धुवून उन्हात वाळवा.