परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे, आडवाटेनं

भाऊ, आधी सायकलच्या टायरची हवा थोडी उतरव. कडक टायर मुरमावर नुसता उडतो, वळणावर घसरतो. ४५ मिमी रुंदीच्या ट्यूबलेसला, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरला, तुझं वजन सत्तरेक किलो असेल तर, ३० ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरे. टायरच्या आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, ताजं हवं, बाभळीचा काटा आरपार जातो. काटा उपटलास की भोक खाली येईल असं चाक फिरव, सीलंट तिथं साचून बसतं.

पायवाटेच्या उतारावर बूड मागे, नजर दहा हात पुढे. ब्रेक वळणाआधी, वळणात नाही.

पाऊस झाला असेल तर काळ्या मातीच्या पांदणीत शिरूच नको. फोर्कात, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांत, चिखल गच्च बसतो, चाक फिरत नाही.

व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वनविभागाला विचारल्याशिवाय जायचं नाही. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे तर नाहीच, झाडाखाली अस्वलं असतात.